पार्सलचा डबा नेमका कोण निवडतं?

पोस्ट लांब आहे. पण तुम्ही आठवड्यातून एकदा जरी बाहेरून पार्सल आणत असाल तर तुमच्याशी संबंध आहे, म्हणून वाचा.

पुण्यात माझं पोळीभाजी केंद्र आहे. चौदा वर्षं झाली. दोन पोळीवाल्या मावशी, एक भाजी चिरायला, एक भांड्याला, आणि मी. रोजची साधारण नव्वद पार्सलं जातात. सेट नव्वद रुपयांचा: चार पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ किंवा आमटी. लोक मला भाजीच्या चवीबद्दल विचारतात, तेल कुठलं वापरता विचारतात, पोळीला तूप लावता का विचारतात. भाजी ज्या डब्यात दिली तो कशाचा आहे, हे चौदा वर्षांत मोजून पाच-सहा जणांनी विचारलं असेल.

तो प्रश्न मला मात्र दर महिन्याला सोडवावा लागतो, कारण दर महिन्याला माल भरायचा असतो. आणि माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न माझ्या गल्ल्यावर सुटण्यासारखा नाहीच. तरी सरकारने, महापालिकेने आणि बाजाराने मिळून तो माझ्याच गल्ल्यावर आणून ठेवलाय. कसं ते सांगते.

आधी माल समजून घ्या.

घाऊक बाजारात, म्हणजे आमच्यासाठी रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला, गेलं की पाच-सहा प्रकारचे डबे समोर येतात.

पहिला, प्लास्टिकचा. त्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. पाच आकडा म्हणजे पीपी, पॉलिप्रोपिलीन. साधारण १६० अंशाला वितळतं. आमटी उकळती असली तरी शंभर अंशाच्या आसपास, त्यामुळे उसळ-आमटीला हा टिकतो. पण कढईतून काढलेला वडा थेट टाकाल तर तेल १८० अंशाचं असतं, डबा तिथल्या तिथे मऊ पडतो. वडा आधी जाळीवर निथळायला हवा, मग डब्यात. आकडा एक असेल तर ते पीईटी, पाण्याच्या बाटलीचं. कोशिंबीर, कापलेली फळं यांना छान. गरम ओतलं की आकसतं. सहा म्हणजे पॉलिस्टायरिन, थर्माकोल त्याच घरातला. गरम आणि तेलकट पदार्थ त्यात घालूच नये. दिसायला हे तिन्ही सारखेच, पारदर्शक नाहीतर पांढरे. फरक फक्त बुडाच्या त्या आकड्यात, आणि तो आकडाही बरेचदा नसतोच.

दुसरा, सिल्व्हरचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा. गरम छान राहतं. पण चिंच, कोकम, टोमॅटो, ताक असं आंबट काही असेल तर धातूवर परिणाम होतो. आपल्या स्वयंपाकात चिंच-कोकम नाही अशी आमटी किती? शिवाय त्याचं झाकण पुठ्ठ्याचं, कडा हाताने मुडपायच्या. गाडीवर दोन स्पीडब्रेकर गेले की रस्सा पिशवीत.

तिसरा, कागदी वाटी. लोकांना वाटतं कागद म्हणजे निर्धोक. कागद ओला होऊ नये म्हणून आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. २०२० साली आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी कागदी कपांवर काम केलं होतं. १०० मिली गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं तर त्यात प्लास्टिकचे साधारण २५,००० सूक्ष्म कण उतरतात, असं त्यांना आढळलं. पंधरा मिनिटं म्हणजे आपला एक निवांत चहा. आमटीचं पार्सल तर घरी पोचून उघडेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो.

चौथा, उसाच्या चिपाडाचा, ज्याला सगळे बगॅसचा म्हणतात. आपल्या राज्यात साखर कारखाने इतके, त्यामुळे हा आपला माल वाटतो आणि मलाही तो आवडतो. सुक्या पदार्थाला उत्तम. थालीपीठ, उपमा, वडे, पुलाव, काही अडचण नाही. पातळ रश्श्याला मात्र वेळेची मर्यादा आहे, बूड हळूहळू ओलं होतं. आणि जो डबा तेल अजिबात झिरपू देत नाही, तिथे विचारावं लागतं की लगद्यात काय मिसळलंय. पीएफएएस नावाची रसायनं यासाठी जगभर वापरली गेली आणि ती शरीरात व मातीत वर्षानुवर्षं टिकतात. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की अन्नाच्या कागदी वेष्टनांतून तेल झिरपू नये म्हणून वापरायची ही द्रव्यं तिथल्या बाजारात आता विकली जात नाहीत. माझ्या हातात येणाऱ्या खोक्यावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. आहे असंही नाही, नाही असंही नाही.

पाचवा, 'कंपोस्टेबल' म्हणून येणारा, मक्यापासून केलेल्या प्लास्टिकचा. साठ अंशाच्या आसपास मऊ पडतो, म्हणजे गरम आमटीला बाद. आणि तो कुजतो म्हणतात ते कारखान्यातल्या खतप्रकल्पात, जिथे तितकंच तापमान बरेच दिवस राखलेलं असतं. तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीत तो पुढच्या दिवाळीलाही तसाच सापडेल.

आणि सहावी, जिला कुणी डबा म्हणत नाही पण जिच्यावर निम्मा पार्सल धंदा चालतो: पातळ पिशवी. रस्सा ओतायचा, हवा भरून फुगवायची, रबर मारायचं. तीस-चाळीस पैशांत काम. मिसळीची तर्री, सांबार, चहा, सगळं तिच्यातच. ती बंद आहे आणि सगळीकडे आहे. तिच्याबद्दल पुढे बोलू.

पत्रावळ आणि द्रोण आठवणारे लोक मला नेहमी सल्ला देतात, "अहो, आपलं जुनंच किती छान होतं." होतंच. पळसाच्या पानाचा द्रोण पंगतीत बसून तिथल्या तिथे खायला केलेला आहे. तो स्कूटरच्या हुकाला लावून कोथरूडहून वारज्याला जायला केलेला नाही. जुन्या काळी पार्सल नव्हतं, असं नाही. माणसं घरून डबा, किटली, बरणी घेऊन दुकानात यायची. म्हणजे खरी जुनी पद्धत पानाची नव्हे, स्वतःच्या भांड्याची होती. याकडेही परत येते.

आता कायदा काय म्हणतो ते.

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. तीन महिन्यांची मुदत देऊन २३ जूनपासून दंड सुरू झाले. पहिल्यांदा सापडलात तर ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. त्या यादीत हॉटेलात अन्न बांधून द्यायला वापरतात ते एकदाच वापरायचे डबे आणि वाट्यासुद्धा होत्या. मग १ जुलै २०२२ पासून केंद्राची देशभरची बंदी आली. तिच्या यादीत ताटं, कप, ग्लास, चमचे, काटे, सुऱ्या, स्ट्रॉ, ट्रे आहेत. 'डबा' हा शब्द नाही. कॅरी बॅगची जाडी वेगळी: आधी ७५ मायक्रॉन, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. मधल्या काळात राज्याने आपल्या यादीत पुन्हा दुरुस्त्या केल्या.

आता तुम्ही मला सांगा, पाच नंबरचा झाकणवाला डबा माझ्या फडताळात चालतो की नाही? हा प्रश्न मी तीन वेगवेगळ्या साहेबांना विचारला. एक म्हणाले, "चालतो, जाड आहे ना." दुसरे म्हणाले, "चालत नाही, पण आम्ही सध्या पिशव्याच बघतोय." तिसरे म्हणाले, "ताई, तुम्ही बगॅस वापरा ना, कशाला भानगड." तिघेही सभ्य होते, कुणी पैसे मागितले नाहीत, हेही सांगते. पण तिघांची तीन उत्तरं, आणि लेखी एकही नाही.

दुसरा कायदा अन्नाचा. एफएसएसएआयचे पॅकेजिंगचे नियम २०१८ साली आले आणि १ जुलै २०१९ पासून लागू झाले. त्यात वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाई आहे, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत अन्न द्यायलाही मूळ नियमांत मनाई होती. आणि डब्यातून अन्नात किती पदार्थ उतरला तर चालेल याची मर्यादाही आहे: किलोमागे ६० मिलिग्रॅम. चांगला नियम आहे. पण ते ६० मिलिग्रॅम मोजायचे कुठे? प्रयोगशाळेत. मी प्रयोगशाळेत नाही, मी गॅससमोर उभी असते.

घाऊक दुकानात माझा संवाद कसा होतो बघा.

"हा घ्या ताई, फूड ग्रेड आहे."

"टेस्ट रिपोर्ट आहे का दादा?"

"रिपोर्ट कशाला? छाप आहे की, ग्लास आणि काट्याची."

"छाप कुणीही मारेल. कागद दाखवा."

मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ येते. एकदा आली ती चार वर्षांपूर्वीची होती, दुसऱ्याच मापाच्या डब्याची, आणि कंपनीचं नाव खोक्यावरच्या नावाशी जुळत नव्हतं. मी म्हटलं, दादा हे वेगळं आहे. तर म्हणाले, "ताई, पंधरा वर्षं झाली धंदा करतोय, तुम्ही पहिल्या आहात विचारणाऱ्या." ते खोटं बोलत नसावेत. त्यांनाही वरून तेवढंच मिळतं.

मग आमच्यासारखी माणसं काय करतात? आपल्या परीने चाचण्या करतात. माझी पद्धत सांगते, कुणाच्या उपयोगी पडली तर बरं.

नवीन माल घेताना आधी दहाच नग आणते. उकळती आमटी भरते, झाकण लावते, डबा उलटा करून ताटात अर्धा तास ठेवते. ताटात थेंब दिसला की बाद. मग तोच डबा पिशवीत घालून मुलाला गाडीवर एक चक्कर मारायला पाठवते, रस्ता मुद्दाम खराब असलेला. आमच्याकडे तो शोधावा लागत नाही. तिसरं, नुसतं गरम पाणी भरून दहा मिनिटांनी वास घेते. प्लास्टिकचा वास आला तर खोकं परत. चौथं, झाकण वेगळं तपासते, कारण बऱ्याचदा डबा पाच नंबरचा आणि झाकण दुसऱ्याच प्लास्टिकचं असतं, आणि वाफ तर झाकणावरच बसते. पाचवं, हळदीचा डाग. पांढऱ्या पीपीवर हळद बसतेच, त्याने घाबरू नये. उलट डाग दिसतो म्हणजे रंग लपवायला काही घातलेलं नाही.

म्हणूनच काळा डबा मी घेत नाही. दिसायला भारी, फोटोत भाजी उठून दिसते, सगळी नवीन हॉटेलं तोच वापरतात. पण काळ्या रंगाखाली काहीही खपतं. आत नवं प्लास्टिक आहे की कशाचं वितळवलेलं आहे, हे डोळ्यांना कळायची सोयच नाही. शिवाय पुढे त्याचं काय होतं तेही बघा. परदेशात कचरा वेगळा करणारी यंत्रं प्रकाशाच्या किरणांवर चालतात, आणि काळ्या रंगातलं कार्बन ते किरण शोषून घेतं, त्यामुळे काळं प्लास्टिक यंत्राला दिसतच नाही. आपल्याकडे यंत्राऐवजी माणूस आहे. पुण्यात २००८ पासून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था घराघरातून कचरा उचलते, आणि सुक्या कचऱ्यातलं जे विकलं जातं त्याचे पैसे त्या कष्टकरी बायकांचे असतात. आमच्या गल्लीत येणाऱ्या ताईंना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "पांढरा धुतलेला असला तर घेतात काकू. काळा, तेलकट, आत भाजी चिकटलेली, त्याला कोण हात लावतंय? वास मारतो नुसता." म्हणजे तुम्ही फोटोसाठी जो काळा डबा निवडता, त्याची मजुरी ती बाई भरते.

हे झालं मालाचं. आता पैशाचं गणित, कारण शेवटी सगळं तिथेच अडतं.

नव्वद रुपयांच्या सेटला दोन पीपीचे डबे, चार रुपयांचा एक, म्हणजे आठ. पोळ्या गुंडाळायला दीड रुपया. कागदी पिशवी दोन. साडेअकरा रुपये झाले. तेच डबे बगॅसचे, झाकणासकट, सात रुपयांना एक पडतात. साडेसतरा. फरक सहा रुपयांचा. ऐकायला काहीच नाही. नव्वद पार्सलांना दिवसाचे ५४० रुपये. महिन्याचे सव्वीस दिवस धरा, १४,०४० रुपये. पोळ्या लाटणाऱ्या एका मावशींचा पगार याच्याच जवळपास आहे. आम्ही जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये आहोत, त्यामुळे डब्यांवर भरलेला कर परत मिळत नाही, तोही आमच्याच अंगावर.

म्हणजे निवड अशी आहे: पर्यावरण की मावशी. ही निवड मी करायची, माझ्या वहीत, रात्री साडेनऊला, हिशेब लिहिताना. आणि किंमत पाच रुपयांनी वाढवली तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक विचारतं, "काकू, डब्याचे वेगळे पैसे?" त्याचंही चूक नाही. त्याला शेजारी पंच्याऐंशीला मिळतंय.

शेजारी पंच्याऐंशीला का मिळतं? कारण तिथे आमटी त्या पातळ पिशवीत जाते.

आमच्या चौकात एक मिसळवाले आहेत. सकाळी सहाला गाडी लावतात, अकराला आवरतात. गेल्या वर्षी पथक आलं, त्यांच्याकडे पिशव्यांचा गठ्ठा सापडला, पाच हजारांची पावती फाडली. पाच हजार म्हणजे त्यांची चार-पाच दिवसांची कमाई. त्यांनी पावती घेतली, दोन दिवस गाडी बंद ठेवली, तिसऱ्या दिवशी परत सुरू. रस्सा कशात देताय विचारलं तर हसले. "त्याच पिशवीत. दुसरं काय परवडतंय ताई?" मी विचारलं, साहेबांनी कुठून आणल्या ते विचारलं नाही का? म्हणाले, "नाही विचारलं. मी सांगत होतो, त्यांना नको होतं."

माझा सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे.

२०१८ च्या अधिसूचनेत वापरणाराच नाही, बनवणारा, साठवणारा, वाहून नेणारा, विकणारा, सगळे आहेत. कायदा वरपासून खालपर्यंत आहे. पण दंड खालून वर चढतच नाही. बनवणारे कारखाने मोजके, घाऊक विकणारी दुकानं एखाद्या आळीत मावतील एवढी, आणि वापरणाऱ्या गाड्या, टपऱ्या, केंद्रं हजारोंनी. जिथे मोजकी माणसं आहेत तिथे तपासणी सोपी, जिथे हजारो आहेत तिथे अशक्य. आपण नेमकं उलटं करतो. गाडीवाला रस्त्यावर असतो, त्याला शटर नाही, वकील नाही, म्हणून तोच सापडतो.

आणि आरोग्याचंही तेच. डबा कशाचा बनलाय हे बनवणाऱ्याला माहीत असतं. विकणाऱ्याला थोडं माहीत असतं. मला आकड्यापुरतं माहीत असतं. खाणाऱ्याला काहीच नाही. जबाबदारी मात्र उलट्या क्रमाने वाटलेली आहे.

मी स्वतःपुरतं काय केलं तेही सांगते, नाहीतर म्हणाल नुसती तक्रार करते.

रोजची जी ठरलेली गिऱ्हाइकं आहेत, त्यातल्या पस्तीस घरांना स्टीलचे डबे दिले. प्रत्येक घराचे दोन डबे. एक आज जातो, कालचा रिकामा परत येतो. जोडीमागे पाचशे रुपये अनामत घेतली, डबे बंद केले की परत. डब्यांचा खर्च साधारण तेवढाच आला, त्यामुळे खिशातून काही घालावं लागलं नाही. दिवसाला पस्तीस सेटचे दोन-दोन प्लास्टिकचे डबे वाचले, म्हणजे २८० रुपये. महिन्याचे सात हजारांच्या वर. त्यातले तीन हजार भांडी घासणाऱ्या ताईंना वाढवून दिले, कारण काम त्यांचं वाढलं. उरलेले केंद्राचे.

यात नवीन काहीच नाही. मुंबईचे डबेवाले १८९० पासून हेच करतायत. भरलेला डबा जातो, रिकामा डबा परत येतो, आणि त्यात कचरा नावाची गोष्टच तयार होत नाही. ज्या शहराला एवढी मोठी व्यवस्था सव्वाशे वर्षांहून जास्त काळ डोळ्यांसमोर दिसते, त्या राज्यात आपण 'शाश्वत पॅकेजिंग' वर परिषदा भरवतो याचं मला हसू येतं.

पण स्टीलच्या डब्याच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगते. तो ओळखीवर चालतो. रोजच्या माणसावर. अ‍ॅपवरून ऑर्डर आली की डबा गेला तो गेला. डिलिव्हरीचा मुलगा रिकामा डबा परत आणणार नाही, त्याला त्याचे पैसे मिळत नाहीत. हॉस्टेलची मुलं डबे हरवतात. पावसाळ्यात पाणी, साबण, वाळवायची जागा, सगळ्याचा प्रश्न येतो. आणि ज्याच्याकडे गाडीच आहे, नळ नाही, त्या मिसळवाल्यांना तर हे सांगूच नये.

म्हणून पस्तीस घरं स्टीलवर. बाकीच्यांना पातळ पदार्थ पांढऱ्या पीपीच्या डब्यात, धुऊन परत वापरता येईल असा जाड. सुकं बगॅसमध्ये. पोळ्या थोड्या निवल्यावरच गुंडाळायच्या, म्हणजे वाफ धरून ओल्या होत नाहीत. वर्तमानपत्र नाही, काळं नाही, पातळ पिशवी नाही. आणि पाटीवर लिहिलंय: 'स्वतःचा डबा आणलात तर पाच रुपये कमी'. रोज आठ-दहा जण आणतात. त्यात म्हातारी माणसं जास्त, त्यांना ही सवय नवीन नाही.

हे काही उत्तर नव्हे. एका बाईने आपल्या दुकानापुरती काढलेली वाट आहे. उत्तर महापालिकेने आणि राज्याने द्यायचं आहे. माझ्या चार मागण्या आहेत, चारही करण्यासारख्या आहेत.

एक. अन्नासाठी काय चालतं, काय चालत नाही याचा एक चित्रांसहित मराठी तक्ता काढा. 'डबा' हा शब्द त्यात स्पष्ट लिहा. तारीख घाला, खाली सही करा. प्रत्येक अन्न परवान्यासोबत तो द्या आणि पथकाच्या हातातही तोच असू द्या. तीन साहेबांची तीन उत्तरं बंद होतील.

दोन. नमुने घाऊक बाजारातून घ्या. महिन्याला वीस दुकानांतून वीस खोकी उचला, प्रयोगशाळेत पाठवा, निकाल पालिकेच्या संकेतस्थळावर टाका. कुठल्या कंपनीचा, कुठल्या मापाचा डबा पास झाला एवढं जरी आम्हाला कळलं तरी आम्ही तोच घेऊ. आम्हाला गिऱ्हाइकाच्या पोटात काही घालायची हौस नाही.

तीन. पातळ पिशवीसाठी कुणालाही दंड करताना 'माल कुठून घेतला' हे पावतीवर लिहिणं सक्तीचं करा. ते नाव खरं निघालं तर छोट्या विक्रेत्याचा दंड कमी, आणि पुढचं पथक त्या पत्त्यावर. बघा सहा महिन्यांत पिशव्या कशा महाग होतात. पिशवी महाग झाली की डबा आपोआप परवडायला लागतो. शेजारच्याचं पंच्याऐंशी आणि माझं नव्वद जुळेल.

चार. एखाद्या प्रभागात डबे धुण्याचं सामायिक केंद्र काढून बघा. गरम पाणी, वाळवणी, मोजणी. बचत गटातल्या बायका ते चालवतील, त्यांना भांडी घासणं कुणी शिकवायला नको. आणि अ‍ॅपवाल्यांना सांगा, परत येणाऱ्या डब्याचा पर्याय ऑर्डरच्या पानावर द्या आणि रिकामा डबा आणणाऱ्या मुलाला त्याच्या फेरीचे पैसे द्या. चमचा हवा की नको हे विचारता येतं, तर हेही विचारता येईल.

खाणाऱ्यांनाही दोन शब्द. पार्सल घेताना डबा उलटा करून बुडाचा आकडा बघा. पाच असेल तर ठीक. आकडाच नसेल तर दुकानदाराला विचारा, चिडून नको, साधं विचारा. तुम्ही मला विचारलंत तर मी घाऊकवाल्याला विचारेन, आणि पुढच्या वेळी तो मला 'पहिल्याच तुम्ही' म्हणणार नाही. प्लास्टिकच्या डब्यातलं घरी गेल्यावर लगेच ताटात काढा, त्यातच परत गरम करू नका. डबा कचऱ्यात टाकण्याआधी पाण्याखाली धरा, एक मिनिट लागतं. आणि रोज त्याच दुकानातून घेत असाल तर घरचा डबा घेऊन जा. तो दुकानदार नाही म्हणाला तर मला सांगा, मी बोलते त्याच्याशी.

तुमच्या गावात, तुमच्या ओळखीच्या खानावळीत काय वापरतात, काय दराने मिळतं, कुठला डबा गळत नाही, हे खाली लिहा. नगरसेवक, आमदार, अधिकारी कुणी वाचत असतील तर त्यांनीही लिहा. त्यांच्याकडून मला एकच उत्तर हवंय, आणि ते लेखी हवंय: पाच नंबरचा झाकणवाला डबा, चालतो की नाही?